समन्स आणि दारातील स्त्री

१८७८ साली महादेव गोविंद रानडे यांची बदली नाशिकला झाली, तेव्हा रमाबाईही तेथे आल्या. विवाहानंतर अक्षरओळखीपासून सुरुवात केलेल्या या स्त्रीने १९१० साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात आम्ही ते आदराने शिकवतो. त्याच्या शेजारी त्याच काळातील आणखी एक ग्रंथ ठेवून पाहावा, असे आम्हांस वाटते : १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता.

दावा दाखल झाला की प्रतिवादीवर समन्स बजावावे लागते. त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून निवाडा होऊ नये, हे त्यामागील तत्त्व. परंतु प्रतिवादी सापडत नसेल आणि त्याचा मुखत्यारही नसेल, तर बेलीफाने समन्स कोणाच्या हाती द्यावे? मूळ संहितेतील पाचव्या आदेशाचा पंधरावा नियम सांगतो : त्याच्यासोबत राहणाऱ्या, कुटुंबातील प्रौढ पुरुषाच्या हाती. नोकर हा कुटुंबीय नव्हे, असा खुलासा तेथेच आहे. स्त्रीविषयी मात्र खुलाशाचीही गरज भासलेली नाही. असा पुरुष घरात नसेल, तर समन्सची प्रत दर्शनी दारावर डकवण्याची मुभा होती. दारात उभी असलेली स्त्री अग्राह्य, पण दार ग्राह्य! आणि प्रतिवादी गैरहजर राहिला, तर एकतर्फी हुकूमनाम्याने जाणारे घर तिचेही असे.

१९७६ च्या दुरुस्तीने ‘स्त्री असो वा पुरुष’ हे शब्द त्या नियमात आले. रमाबाईंच्या पुस्तकानंतर सहासष्ट वर्षांनी संहितेने दारातील स्त्रीच्या हाती कागद दिला. वाङ्मयाचा कालपट आखताना हे अंतरही आम्ही मोजावयास हवे.