विझलेली मेणबत्ती

एप्रिल 1930. अटलांटात अमेरिकन केमिकल सोसायटीची सभा भरली होती. संशोधक थॉमस मिजली यांनी एक नवा वायू छातीत भरून घेतला आणि जळत्या मेणबत्तीवर हळूच सोडला. ज्योत विझली, मिजली मात्र धडधाकट उभे होते. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे सभागृहाला एका फुंकरीत पटलं.

तेव्हाच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे. गळती झाली की जिवावर बेतायचं. म्हणून 1928 मध्ये जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर या फ्रीज कंपनीसाठी निर्धोक वायू शोधायचं काम मिजली, आल्बर्ट हेन्ने आणि रॉबर्ट मॅकनरी यांच्याकडे आलं. आवर्तसारणी पुढ्यात घेऊन त्यांनी बोट ठेवलं, ते चक्क फ्लोरीनवर. 1886 मध्ये पॅरिसला आन्री म्वासाँ यांनी हा वायू मोकळा केला, त्याआधी त्याच्या नादात काही रसायनतज्ज्ञांनी प्राण गमावले होते.

पण मोकळा फ्लोरीन जितका जहाल, तितकाच कार्बनला बिलगलेला फ्लोरीन शांत. त्याचा अणू चिमुकला आणि इलेक्ट्रॉन ओढण्यात सर्वांत बलवान. एकाच कार्बनवर फ्लोरीनचे अणू वाढत गेले, की कार्बनवरचा धनभार वाढतो आणि तो प्रत्येक फ्लोरीनला आणखी घट्ट धरतो. एकच फ्लोरीन असलेल्या फ्लोरोमिथेनमध्ये बंधाची लांबी 1.39 अँगस्ट्रॉम असते आणि तो तोडायला मोलमागे सुमारे 460 किलोजूल लागतात. कार्बन टेट्राफ्लोराइडमध्ये चार फ्लोरीन, तिथे लांबी 1.32 वर उतरते आणि ऊर्जा 545 च्या घरात जाते.

क्लोरीन काढून तिथे फ्लोरीन बसवण्याची रीत बेल्जियममधल्या घेंटच्या फ्रेदेरिक स्वार्ट्स यांनी 1890 च्या दशकातच घालून दिली होती. त्यासाठी लागायचं अँटिमनी ट्रायफ्लोराइड. मिजलींनी त्याच्या पाच बाटल्या मिळवल्या. पहिलीतून तयार केलेला वायू हुंगूनही गिनीपिग ठणठणीत राहिला. दुसरीतून केलेल्या वायूनं मात्र गिनीपिग दगावला. उरलेल्या चारही बाटल्यांतल्या मालात पाणी होतं आणि त्यामुळे फॉस्जीन हा विषारी वायू तयार होत होता. पहिल्याच खेपेला यांपैकी एखादी बाटली हाती आली असती, तर शोध कदाचित तिथेच थांबला असता.

पुढे बाजारात आला तो फ्रेऑन-12. त्याच्या रेणूत एका कार्बनवर दोन फ्लोरीन आणि दोन क्लोरीन असतात. फ्रीजमधून तो एअर कंडिशनरमध्ये आणि स्प्रेच्या डब्यांत गेला. खालच्या हवेत त्याला कशाचीच बाधा होत नाही, म्हणून तो सावकाश स्थितांबरापर्यंत चढतो. तिथली अतिनील किरणं त्याला गाठतात आणि तुटतो तो क्लोरीनचा बंध, कारण त्याला जेमतेम 340 किलोजूल पुरतात. सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू फोडतो. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी 1974 मध्ये हे मांडलं. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राची बातमी आली आणि 1987 मध्ये अशा वायूंना आवर घालणारा माँट्रियल करार झाला.

मिजली 1944 मध्येच वारले होते. फ्रेऑन-12 हवेत सरासरी शंभर वर्षं टिकतो. 1930 च्या दशकातल्या फ्रीजमधून गळलेल्या वायूचा मोठा भाग आजही वातावरणात आहे.