एलएसडी डिफरन्शियलचे प्रकार: ट्रॅकवर कोणता चालतो, घाटात कोणता नडतो?



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या मावसभावाने त्याच्या जुन्या रिअर व्हील ड्राइव्ह जीपचं डिफरन्शियल वेल्डिंग मारून लॉक करून घेतलं. "एलएसडीला एवढे पैसे कोण घालणार? काम तेच होतं," असं त्याचं म्हणणं. पहिला पाऊस पडला आणि हातखंब्याकडे जाताना एका साध्या वळणावर जीपचा मागचा भाग सुटला. गाडी फिरून रस्त्याकडेच्या जांभ्याच्या गडग्याला टेकली. समोरून एसटी येत नव्हती, म्हणून गोष्ट एवढ्यावरच थांबली.

तेव्हा मी ठरवलं, हा विषय एकदा नीट लिहायचा. व्हिडिओ बघून गाडीत काहीही बसवण्याआधी हे वाचा.

आधी साधं डिफरन्शियल समजून घेऊ

आंबा घाटातलं यू आकाराचं वळण डोळ्यासमोर आणा. गाडीच्या दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर त्या एका वळणात बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा साधारण ४.७ मीटर जास्त पळतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली, तर एकाला घसरावंच लागेल. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. ते चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं.

पण साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलचा एक स्वभाव आहे. ते दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देतं. भाट्याच्या वाळूत फसलेली गाडी पाहिली असेल ना? एक चाक गरागरा फिरतं आणि दुसरं ढिम्म. फिरणाऱ्या चाकाला पकड नाही, म्हणून त्याला जोर लागत नाही. आणि त्याला नाही म्हणून दुसऱ्यालाही मिळत नाही.

ट्रॅकवरही हेच होतं, फक्त वेगात. वळणात गाडीचं वजन बाहेरच्या बाजूला जातं, आतलं चाक हलकं होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आतलं चाक घसरतं आणि गाडी पुढे जाण्याऐवजी टायर जळतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तिसरं वळण हळू आहे आणि त्यानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. वळणातून बाहेर पडताना गमावलेला वेग तिथे शेवटपर्यंत भरून निघत नाही. इथे कामाला येतो लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी.

१. क्लच प्लेटचा एलएसडी

यात आतमध्ये क्लच प्लेट्सची चळत असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उताराच्या खाचा या प्लेट्स दाबून धरतात आणि दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. याचे तीन उपप्रकार आहेत:

- वन वे: फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर लॉक होतो.
- दीड वे: अ‍ॅक्सिलरेटरवर पूर्ण, पाय काढल्यावर थोडा लॉक होतो.
- टू वे: दोन्ही वेळा सारखाच लॉक होतो. ड्रिफ्टिंगवाल्यांचा आवडता.

फायदा असा की चाक हवेत उचललं गेलं तरी हा काम करतो, कारण प्लेट्सवर आधीपासून थोडा दाब असतो, त्याला प्रीलोड म्हणतात. तोटा असा की प्लेट्स झिजतात, वेगळं ऑइल लागतं आणि पार्किंगमध्ये गाडी वळवताना कडकड आवाज येतो.

२. हेलिकल गिअरचा एलएसडी

टॉर्सन आणि क्वाइफ ही नावं ऐकली असतील. यात प्लेट्स नाहीत, तिरक्या दातांचे गिअर असतात. जोर आला की हेच गिअर आतल्या भिंतीवर दाबले जातात आणि घर्षणाने काम होतं.

समजा, आतलं चाक २०० न्यूटन मीटरपर्यंतच जोर पेलू शकतं. ओपन डिफरन्शियलमध्ये बाहेरच्यालाही २०० मिळणार, एकूण ४००. हेलिकलचं गुणोत्तर २.५ असेल, तर बाहेरच्या चाकाला ५०० पर्यंत मिळू शकतात, एकूण ७००. फरक केवढा पडला बघा!

पण गंमत इथेच आहे. आतलं चाक हवेत गेलं तर त्याचा जोर जवळपास शून्य, आणि शून्य गुणिले २.५ म्हणजे शून्यच. म्हणजे उंच कर्बवर चाक उचललं की हा साध्या डिफरन्शियलसारखा वागतो. तरी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीसाठी मला हाच बरा वाटतो, कारण स्टिअरिंगला झटके कमी देतो आणि सहसा गाडीइतकाच टिकतो.

३. व्हिस्कस एलएसडी

सिलिकॉन ऑइलमध्ये बुडालेल्या प्लेट्स. चाकांच्या गतीत फरक पडला की ऑइल घुसळलं जातं आणि विरोध करतं. रस्त्यावर मऊ, सुरळीत. पण चाक घसरल्यानंतर हा जागा होतो आणि सलग लॅप्समध्ये तापला की ढिला पडतो. ट्रॅकसाठी पहिली पसंती नको.

४. इलेक्ट्रॉनिक एलएसडी

क्लच तोच, पण दाब किती द्यायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. भारतात २०२० मध्ये आलेल्या २०० स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये आणि २०२५ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमध्ये पुढच्या चाकांना अशी यंत्रणा आहे. काम छान, पण बिघाड झाला तर गल्लीतल्या गॅरेजचं काम नाही.

५. ब्रेकवर चालणारा 'एलएसडी'

इथे बरेच जण फसतात. जिम्नीचा ब्रेक एलएसडी किंवा थारचा बीएलडी म्हणजे वेगळं डिफरन्शियल नाही. घसरणाऱ्या चाकाला कॉम्प्युटर ब्रेक लावतो, म्हणून दुसऱ्याला जोर मिळतो. चिखलात मस्त. ट्रॅकवर मात्र ताकद ब्रेकमध्ये वाया जाते आणि आधीच तापलेले ब्रेक आणखी तापतात.

थारच्या काही व्हेरियंटमध्ये एमएलडी मिळतं, ते खरंखुरं यांत्रिक लॉक आहे. पण ते कमी वेगातच लॉक होतं, साधारण ताशी ३० किलोमीटरच्या आत. ते खड्ड्यातून काढायला आहे, लॅप टाइम काढायला नाही. ब्रोशरची पीडीएफ फोनवर उघडा आणि बीएलडी, एमएलडी हे शब्द शोधा.

आणि वेल्डिंग?

गो-कार्टला डिफरन्शियल नसतंच, मागचा अ‍ॅक्सल सलग असतो. मग कार्ट वळते कशी? स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या रचनेमुळे मागचं आतलं चाक उचललं जातं. जीपला ही सोय नाही. ती आधी सरळ जाऊ बघते आणि ओल्या रस्त्यावर मागची दोन्ही चाकं एकदम सुटतात. मावसभावाचं नेमकं हेच झालं. कोरड्या ट्रॅकवरच्या खास गाडीत चालेल, कोकणच्या पावसात नाही.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं?

- फ्रंट व्हील ड्राइव्ह, रोजची गाडी आणि कधीतरी ट्रॅक: हेलिकल
- रिअर व्हील ड्राइव्ह, ट्रॅकसाठीच: क्लचचा, दीड वे
- ड्रिफ्टिंग: टू वे
- शिकाऊ: काहीच नको. आधी चांगले टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल.

गरज आहे का, हे फोनवरच तपासा. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईला ट्रॅक डेला गेलात, तर सुरक्षित जागेवरून मित्राला स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. वळणातून निघताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा स्पष्ट जास्त फिरताना दिसलं तरच एलएसडीचा विचार करा. असे प्रयोग घाटात करू नका.

आणखी एक. गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग धरलेलं नसतं. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचाच. डिफरन्शियल बदललंत तर विमा कंपनीलाही कळवा.

मावसभावाने शेवटी भंगारातून जुनं साधं डिफरन्शियल शोधून परत बसवलं. वेल्डिंगचे पैसे गेले ते गेलेच, वर बंपर आणि गडग्याची दुरुस्ती. आता हौस आली की तो आंबा घाट सावकाश चढून कोल्हापूरला कार्टिंगला जातो. तिथे डिफरन्शियल नाही, पण समोरून एसटीही येत नाही.