अटी कागदावर, वस्ती वेशीबाहेर : जालन्यातील मंजूर लेआउट आणि आपला जमिनीचा इतिहास

जालना शहरातून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा, शेतात उभा केलेला एक फलक हमखास दिसतो : ‘एनए प्लॉट, मंजूर लेआउट, सुलभ हप्ते’. समृद्धी महामार्ग आला, ड्राय पोर्ट आले, २०२३ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. शहर चारही बाजूंनी पसरते आहे. प्रत्येक नव्या वसाहतीच्या मंजुरीपत्रात एक ओळ असते : ‘खालील अटी व शर्तींस अधीन राहून परवानगी देण्यात येत आहे.’

या अटी कोण वाचतो? प्लॉट घेणारा वाचत नाही, विकणारा फाईलमध्ये ठेवून देतो. आणि त्या लेआउटच्या कुंपणाला लागून असलेल्या आपल्या वस्तीला तर असे पत्र निघाले हेच ठाऊक नसते. आम्ही म्हणतो, हे पत्र वाचणे हे आंबेडकरी चळवळीचे काम आहे. कसे, ते इतिहासातून पाहू.

काही मित्र म्हणतील, अत्याचाराच्या केसेस, शिष्यवृत्ती, आरक्षण एवढे प्रश्न असताना नाली, रस्ता आणि लेआउट कशाला? त्यांना आम्ही महाडची आठवण करून देतो. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा निर्णय घेतला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे मंजुरी होती, कागद होता, सही-शिक्का होता. पाणी मात्र मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले, ते नगरपालिकेच्याच ठरावाची अंमलबजावणी करायला. पुढे ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला आणि कोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. आपल्या चळवळीचा सर्वात मोठा सत्याग्रह एका स्थानिक संस्थेच्या न पाळलेल्या कागदावरून झाला, हे आपण विसरतो.

आता ‘शर्त’ या शब्दाकडे वळू. हा शब्द आपल्याला नवा नाही. गावगाड्यात आपल्या पूर्वजांना जी थोडी इनाम जमीन मिळे ती अटीवर मिळे. गावाची व सरकारची चाकरी करा, सांगावा पोहोचवा, मेलेले जनावर ओढा, तर जमीन. या अटीत सूट नव्हती, मुदतवाढ नव्हती. अट मोडली की बहिष्कार. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक आणले ते ही गुलामीची शर्त तोडायला. आपला जालना भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथला माणूस या सुधारणांपासूनही दूर राहिला. पुढे कायद्याने वतने गेली. पण ज्या कुटुंबांकडे जमिनी राहिल्या किंवा सरकारकडून मिळाल्या, त्यांच्या सातबाऱ्यावर बहुधा ‘भोगवटादार वर्ग-२’ आणि ‘नवीन शर्त’ हे शब्द चिकटले. विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्या.

आम्ही सगळ्या अटींच्या विरोधात नाही. वर्ग-२ च्या अटीमुळेच कित्येक भूमिहीनांची जमीन सावकाराच्या घशात जायची वाचली. अट ही दुबळ्याची ढाल असू शकते. प्रश्न एवढाच की अट कोणावर घातली जाते, आणि ती पाळली जाते की नाही हे कोण पाहतो. आपल्यावरच्या अटी काठीने पाळून घेतल्या गेल्या. बिल्डरवरच्या अटी मात्र बहुतेक वेळा कागदावरच राहतात.

वसाहत कुठे आणि कशी वसावी हा प्रश्न बाबासाहेबांनी फार आधी हाती घेतला होता. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत, जिथे शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला, तिथे अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी झाली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी त्याचा आराखडाच दिला. वसाहतीसाठी आयोग नेमा, पडीक सरकारी जमीन त्याच्याकडे द्या, गरज पडल्यास खासगी जमीन विकत घ्या, आणि केंद्र सरकारने दरवर्षी ५ कोटी रुपये बाजूला काढावेत. त्या काळचे ५ कोटी! घर ही दया नसून राज्याची घटनात्मक जबाबदारी आहे, हा त्यामागचा विचार. संविधानात ही योजना आली नाही. वस्ती होती तिथेच, वेशीबाहेर राहिली.

मग लोक स्वतः उठले. १९५३ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये रिपब्लिकन पक्षाने तुरुंग भरले. गायरान कसायला घेतले ते पोटासाठी आणि डोक्यावरच्या छपरासाठी. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या घरांना आगी लावल्या गेल्या. त्या दिवसांत गाव सोडून शहराकडे निघालेल्या माणसाला कोणत्या मंजूर लेआउटमध्ये जागा मिळणार होती? तो नाल्याकाठी राहिला, नाहीतर एखाद्या शेताचा गुंठा बाँडपेपरवर विकत घेऊन राहिला.

पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरान अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, पण शासनाच्या आदेशाने भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी अपवाद म्हणून नियमित ठेवता येतील, असेही त्याच निकालात सांगितले. नोटीस बजावताना निकालाचा पहिला भाग सांगितला जातो. दुसरा आपणच दाखवावा लागतो.

आता सध्याचा कायदा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६. कलम ४४ खाली अर्ज, कलम ४५ खाली निर्णय. प्राधिकरण विनाअट परवानगी देऊ शकते, अटींसह देऊ शकते किंवा नाकारू शकते. साठ दिवसांत उत्तर दिले नाही तर, नियमांत बसणाऱ्या प्रस्तावाला परवानगी मिळाली असे मानले जाते. विकासकाचा वेळ वाया जाऊ नये याची कायद्याने केवढी काळजी घेतली आहे, पाहा. रमाई घरकुलासाठी जागेचा पुरावा घेऊन पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या माणसासाठी असे साठ दिवसांचे कलम कुठे आहे?

डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, रस्ते ठरावीक रुंदीचे लागतात. आणखी एक मोलाची अट तिच्यात आहे : ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये २० टक्के क्षेत्र आर्थिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटाच्या छोट्या भूखंडांसाठी ठेवायचे. वाचून बरे वाटते ना? पण थांबा. ही अट १० लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८५ हजार. म्हणजे महानगरपालिकेचा फलक लागला, गरिबाच्या हक्काची अट मात्र शहराच्या वेशीवरच अडली.

मग गरीब जातो कुठे? गुंठेवारीत. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. स्वस्त, पण ना रस्ता, ना नाली. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, २०२१ मध्ये मुदत वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतचे भूखंड त्यात घेतले. नियमित व्हायचे तर शुल्क भरा. अटी न पाळता प्लॉट पाडून विकणारा पैसे घेऊन मोकळा झाला आणि दंड घेणाऱ्याने भरला!

मोठ्या प्रकल्पांचीही हीच गत. जालन्याजवळच्या खरपुडीत सिडकोचा नवीन वसाहतीचा प्रकल्प एकदा व्यवहार्य नाही म्हणून बाजूला पडला, २०२३ मध्ये पुन्हा पुढे आला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ९०० कोटींच्या या प्रकल्पाच्या चौकशीचे आदेश निघाले. चर्चा झाली ती जमिनीच्या मोबदल्याची. त्या शेतात मजुरी करणाऱ्याचे नाव कोणी घेतले? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तीन वर्षांपासून त्या जमिनीवर पोट असलेला शेतमजूरही ‘बाधित कुटुंबा’त मोडतो. पण त्याने मागितले तरच त्याची नोंद होते.

म्हणून तरुण मित्रांनो, काम सोपे आहे, चिकाटीचे आहे. आपल्या वस्तीजवळ लेआउट पडला की माहिती अधिकारात मंजूर नकाशा आणि अटींचे पत्र मागा. १० टक्के मोकळी जागा नकाशात कुठे आहे आणि जागेवर कुठे आहे, ते मोजा. वस्तीची आणि स्मशानभूमीची जुनी वाट बंद तर झाली नाही ना, नवीन वसाहतीचे पाणी आपल्या घरांत तर सोडले नाही ना, हे पाहा. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की मुदतीत लेखी हरकत नोंदवा आणि गरिबांच्या घरांसाठी जमिनीचे आरक्षण मागा. हे आरक्षणही जपावे लागते. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाला कलम १२७ ची नोटीस देऊन ते संपवता येते. गावात वस्ती गावठाणाबाहेर असेल तर महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाणाची हद्द वाढवायची मागणी करा. आणि सर्वांनी मिळून शासनाला एकच प्रश्न विचारा : २० टक्क्यांची अट दहा लाखांच्या शहरातल्या गरिबाला, मग जालन्यातल्या गरिबाला का नाही?

महाडला ठराव होता, पाणी नव्हते. जालन्यात अटी आहेत, अंमल नाही. ठराव कागदावरून तळ्यापर्यंत न्यायला बाबासाहेबांना चालत जावे लागले. आपल्याला तर फक्त नगररचना कार्यालयापर्यंत जायचे आहे.

जय भीम! जय संविधान!