काळवंडलेलें पातेलें

महाड तालुक्यांतील तुडील या गांवीं एका परिचितांच्या घरीं गेलों असतां, घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांकडे माझें लक्ष गेलें. पितळेचा तांब्या सोन्यासारखा झळकत होता. शेजारचें अ‍ॅल्युमिनियमचें पातेलें मात्र आंतून काळपट. दोन्ही एकाच हातानें, एकाच चुलींतल्या राखेनें घासलेलीं. घरांतील वृद्ध सासूबाई म्हणाल्या, "सूनबाईचा हात हलका, जोर लावीत नाहीं." हा आरोप कितपत खरा आहे हें ठरविण्यास त्या पातेल्याचा इतिहासच साक्षीस बोलवावा लागतो.

तांब्यापितळेशीं आपल्या स्त्रियांचा परिचय शतकानुशतकांचा. तांब्यावरील काळसर थर चिंचेच्या किंवा आमसुलाच्या आंबटानें जातो, राखेनें तेज येतें, आणि पितळेंत आंबट पदार्थ कळकतो म्हणून आंतून कथलाची कल्हई करावी, हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें. तें आईकडून मुलीकडे जात असे.

अ‍ॅल्युमिनियमला असा वारसा नाहीं. १८२५ सालीं डेन्मार्कमधील ओरस्टेड यानें तो प्रथम वेगळा केला. १८५५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत तो एक दुर्मिळ धातु म्हणून मांडला गेला. १८८६ मध्यें अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू यांनीं, एकमेकांस नकळत, विजेच्या साहाय्यानें तो काढण्याची रीत शोधली, आणि त्याचा भाव कोसळला. अवघ्या बारा वर्षांनीं, १८९८ मध्यें, मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं त्याचीं भांडीं घडविण्याचे प्रयोग आरंभिले. १९०० मध्यें तेथें त्यासाठीं कंपनीही निघाली. कच्चा माल मात्र परदेशचा होता. १९४३ मध्यें त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानांत आलव्याजवळ हा धातु देशांत तयार होऊं लागला. आमच्याकडे लोक या भांड्यांस ‘जर्मल’ म्हणतात. नांव जर्मनीचें, पण या देशांतील धंद्याचा उगम मद्रासेंत!

भांडें हलकें, स्वस्त आणि कल्हईवांचून चालणारें. गरिबाच्या चुलीवर तें चढलें यांत नवल नाहीं. परंतु भांडें आलें तें एकटेंच. त्याच्या निगेचें शास्त्र बरोबर आलें नाहीं, म्हणून पितळेचाच नियम त्यासही लावण्यांत आला.

येथेंच घोटाळा झाला. या धातूवर हवेनेंच एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा जमतो. तो आम्लांत विरघळतो, तसाच क्षारांतही. लांकडाची राख व धुण्याचा सोडा हीं दोन्ही क्षारधर्मी असल्यामुळें तीं हा पापुद्रा खातात. पुढें क्षारयुक्त पाणी उकळतांना त्याच्या जागीं काळसर थर चढतो. म्हणजे ही काळिमा मळ नव्हेच. राखेनें घासण्यास जोर लावावा, तितका धातु उघडा पडतो आणि पुन्हां काळवंडतो.

उपाय जुन्या ज्ञानांतच आहे. त्याचा अर्धा भाग मात्र सोडला पाहिजे. राख सोडावी, आंबट ठेवावें. डाग बुडेल इतकें पाणी पातेल्यांत घेऊन त्यांत चिंच, आमसुलें किंवा लिंबाचा रस घालावा, पांच-दहा मिनिटें उकळावें, आणि निवल्यावर काथ्यानें हलकेंच पुसावें. तें पाणी टाकून द्यावें. काळवंडलेल्या पातेल्यांत आंबट आमटी शिजविली असतां तें आपोआप उजळतें, हा अनुभव पुष्कळांस असेल. तो काळेपणा गेला कोठें, तर आमटींत! म्हणून पातेलें आधीं उजळून घ्यावें, आणि आंबट पदार्थ त्यांत रात्रभर ठेवूं नये.

राज्यें बदललीं त्या तारखा आपण पाठ करतों. चुलीवरचा धातु बदलला ती तारीख कोणी लिहून ठेवीत नाहीं. पण त्या बदलाचें मोल कोणाला तरी द्यावें लागतें, आणि पुष्कळदां तें घरच्या सुनेला बोल ऐकून द्यावें लागतें. तुडीलच्या त्या घरीं मीं मूठभर आमसुलें मागून घेतलीं. पातेलें उजळलें. सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं फडताळांतून दुसरें पातेलें काढून पुढें ठेवलें.