उदगीरची लढाई व चकमकीची बंदूक

उदगीर (हल्लींचा लातूर जिल्हा) येथें इ. स. १७६० च्या फेब्रुवारींत निजामाचा पराभव झाला. त्याचें श्रेय इब्राहिमखान गारद्याच्या तोफा व चकमकीच्या बंदुका यांस देतात, तें यथार्थ आहे. परंतु तेवढ्यावरून तोड्याची बंदूक न टाकणारे अडाणी ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. तोड्याच्या बंदुकींत जळती जामगी रंजकेवर टेकविणारा साधा दांडा असतो. मोडल्यास गांवचा लोहार बसवितो. चकमकीच्या चापांत पोलादी कमान हवी, आणि गार जेथें आदळते तें झांकण कठीण हवें. पाणी देण्यांत चूक झाली कीं कमान तुटते, झांकण मऊ राहिल्यास ठिणगीच पडत नाहीं. शिवाय प्रत्येक चाप कानशीनें जुळविलेला, त्यामुळें एकाचा सुटा भाग दुसऱ्यास बसेलच असें नाहीं. नांदेडास गोदेच्या पात्रांत गारगोट्या मिळतील. पण असे कारागीर गांवोगांव थोडेच होते? महादजी शिंद्यांच्या पलटणींकरितां पुढें आग्र्यास सँगस्टरच्या देखरेखीखालीं कारखानाच घालावा लागला.