अर्थिंगचं पाणी

माझ्या माडीवरच्या खोलीत आज सतरा जुने रेडिओ आणि तीन टीव्ही आहेत. लोक म्हणतात, भंगार साठवलंय. घरची म्हणते, एवढ्या जागेत ज्वारीची दहा पोती बसली असती. तिचं खरं आहे. पण त्या सतरातला एक रेडिओ आमच्या गावच्या चावडीतला आहे, आणि त्याची हकिगत लिहून ठेवायलाच हवी.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र 1953 साली सुरू झालं. 1956 साली पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं घेऊन एक प्रयोग झाला. गावोगाव शेतकऱ्यांची मंडळं केली. आठवड्यातनं दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. मंडळींनी तो बसून ऐकायचा, त्यावर बोलायचं, शंका केंद्राला कळवायच्या. युनेस्कोची त्याला मदत होती. प्रयोग जमला, म्हणून 1959 पासून अशी मंडळं देशभर निघाली.

आमच्याकडे रेडिओ आला त्यानंतर. मी सहा-सात वर्षांचा असेन. गावात वीज नव्हती. व्हॉल्व्हचा सेट, त्याला नव्वद व्होल्टची जड कोरडी बॅटरी. चावडीवर दोन बांबूंना एरियलची जाळीची पट्टी ताणलेली. अर्थिंगची तार भिंतीतनं बाहेर काढून जमिनीत पुरलेली. उन्हाळ्यात जमीन सुकली की खरखर वाढायची. मग तारेच्या बुडाशी पाणी ओतायचं. वडील मंडळात होते. त्यांच्या मांडीवर बसून मी ऐकायचो. हायब्रीड ज्वारीचं नाव गावात पहिल्यांदा त्याच डब्यातनं आलं.

पुढं घरोघर ट्रान्झिस्टर झाले आणि तो सेट माळ्यावर पडला. पंचायतीनं भंगार काढलं तेव्हा मी तो किलोच्या भावानं घेतला. गळके कंडेन्सर बदलले. तसली बॅटरी आता मिळत नाही, म्हणून नऊ व्होल्टच्या दहा एकापुढं एक जोडल्या. पुणे केंद्र लागलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच भरात पंचायतीच्या स्मरणिकेत लेख दिला. त्यात लिहिलं, ‘संध्याकाळी सारं गाव चावडीत रेडिओ ऐकायला जमायचं.’

लेख वाचून घेतल्यावर बौद्धवस्तीतले नाना घरी आले. पंचाहत्तरी ओलांडलेले. मी सेट लावून दाखवला.

“नाना, आठवतोय का?”

“आवाज वळखला,” ते म्हणाले. “डबा आज बघतोय.”

मला कळेना. तेच पुढं म्हणाले, “माझा बा कोतवाल. आमी भिंतीच्या भाईर. तारंला पानी बा घालायचा, बा नसला का मी. पानी घातलं का आत आवाज साफ व्हायचा. भाईर बी मग जरा ऐकू यायचं.”

मी आतच होतो. खरखर कमी झालेली मला आठवते. पाणी कोण घालतं, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पण आमच्या गावात पहिला टीव्ही 1982 च्या एशियाडला आला. लाकडी खोक्याचा, पुढं सरकती दारं असलेला. तोही माझ्याकडं आहे. त्याच्यापुढं एकाच अंगणात सगळे बसले, असं मी अभिमानानं सांगत आलोय. आता आठवतो तर नानांच्या वस्तीतली पोरं कुंपणाशी उभी दिसतात.

जुना रेडिओ दुरुस्त करता येतो. छापलेलं वाक्य मागं घेता येत नाही, म्हणून ते इथं दुरुस्त करतो. सारं गाव जमत नव्हतं. अर्धं गाव आत होतं. रेडिओखालच्या पाटीवर मंडळाच्या सभासदांची नावं होती, माझ्या वडिलांचं पहिलं. त्यांच्या खाली आता नानांच्या वडिलांचं नाव लिहिलंय आणि पुढं काम लिहिलंय: अर्थिंगला पाणी घालत. नानांना ती वाचून दाखवली. ते म्हणाले, “उन्हाळ्यात रोज दोन घागरी लागायच्या, तेबी लिव्ह.”

तेही लिहिलं.