ऐंशी रकान्यांची कुळकथा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत चादरीच्या एखाद्या जुन्या कारखान्यात गेलात, तर आधी मान वर करून बघा. जॅकार्डच्या मागावर, डोक्याच्याही वर, पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक ओळ. भोक असेल तिथे सुई आत जाते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. धोटा पलीकडे जातो, माळ एका कार्डाने पुढे सरकते. असे होत होत चादरीवर मोर उमटतो.

शेजारच्या ऑफिसातला हिशेबाचा संगणक याच कुळातला आहे.

लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. आकडेमोडीच्या यंत्राला हुकूम द्यायला चार्ल्स बॅबेजने हीच कार्डे घ्यायचे ठरवले. १८९०च्या अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोकांच्या कार्डांवर माणसे मोजली. १९२८ साली आयबीएमने कार्डावर ऐंशी रकाने बसवले. पुढे पडदे आले, तरी ओळ ऐंशी अक्षरांचीच राहिली. डॉसचा तो काळा पडदा, ऐंशी अक्षरे रुंद आणि पंचवीस ओळी उंच, हा कार्डाचाच वारसा.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा जन्म त्याच पडद्यावरचा, आणि तोही कापडाच्या धंद्याजवळचा. बंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. मनासारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी ते मुलाला, भरत गोयंकांना, लिहायला सांगितले. १९८६ची ही गोष्ट.

एका कारखान्यात मी दिवाणजींच्या शेजारी तासभर बसलो होतो. डावा हात बिलांच्या गठ्ठ्यावर, उजवा कीबोर्डवर. एफ८ दाबले की विक्री. गिऱ्हाइकाच्या नावाची दोन-तीन अक्षरे, एंटर, माल, नग, दर, एंटर, शेवटी वाय. नजर बहुतेक वेळ बिलावरच. माउस बाजूला पडून होता. तो धरायचा म्हणजे हात कीबोर्डवरून उचलायचा, नजर बिलावरून काढायची, बाण शोधायचा आणि नेमक्या चित्रावर नेऊन टिचकी मारायची. दिवसाला दोनशे नोंदी करणाऱ्याला हे परवडत नाही.

चित्रांच्या पडद्याचे मोल मी कमी मानत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७मध्ये जुने मेनू काढून रिबन, म्हणजे चित्रांच्या बटणांची पट्टी, आणली, तेव्हा मुरलेल्या कारकुनांना नेहमीचे हुकूम नव्याने शोधावे लागले; पण आत दडलेल्या कितीतरी सोयी नवख्यांना पहिल्यांदा समोर दिसल्या. काल कामाला लागलेल्या मुलीला सगळे डोळ्यांपुढे मांडलेले हवेच. चूक होते ती तिच्यासाठी केलेला पडदा दिवाणजींवर लादताना. म्हणून ऑफिसातले सॉफ्टवेअर बदलू पाहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आधी एक दिवस अशा माणसाच्या शेजारी बसा आणि त्याची बोटे बघा.

टॅलीप्राइम २०२०मध्ये आले. पडदा उजळला, मांडणी बदलली. विक्रीची कळ एफ८च राहिली.